वेलिणकर कीं ‘वुमकर’? : वैमानिकांच्या डिजिटल दफ्तरांचें परीक्षण

ऐतिहासिक कागदपत्रांच्या परीक्षणास वाहिलेल्या ह्या त्रैमासिकांत विमानें, वैमानिक आणि संगणक ह्यांची चर्चा पाहून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. शिवकालीन सनदा, पेशवाईंतील रुमाल, जुन्या पोथ्या हा आपला नेहमींचा विषय. दोन महायुद्धांत लढाऊ आणि बाँबफेकी विमानांवर मेलेल्या माणसांशीं त्याचा संबंध काय, असें कोणी विचारल्यास तें गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, कागद कितीही अलीकडचा असला तरी नक्कल करणाराचा हात जुनाच असतो. जो प्रमाद तीनशें वर्षांपूर्वींच्या लिपिकारानें केला, तोच आज यंत्रावर नांवें उतरून घेणारा करितो. तो ओळखण्याची विद्या ज्यांच्यापाशीं आहे त्यांनींच ह्या नव्या दफ्तरांकडे पाठ फिरवावी, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आमचें वास्तव्य ठाकुर्लीस आहे. येथून नेवाळीचा माळ फार दूर नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारनें त्या भागांतील शेतजमिनी ताब्यांत घेऊन तेथें धावपट्टी केली. कल्याणजवळच जी मोठी लष्करी छावणी उठली, तिच्याच जागीं फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें. तेव्हां हवाई युद्ध ही गोष्ट आमच्या पंचक्रोशीला अगदींच परकी नव्हे. तरी ह्या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें एका घरगुती निमित्तानें.

आमचे एक माजी विद्यार्थी, रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले, गेल्या वर्षीं आमच्याकडे आले. म्हणाले, “मास्तर, आजोबांचे धाकटे भाऊ विमानदळांत होते आणि युद्धांतून परत आले नाहींत, असें घरांत सगळे सांगतात. पण संगणकावर त्यांचें नांवच निघत नाहीं. मग तें सारें खोटें समजावें काय?” आम्हीं त्यांस बसवून घेतलें आणि कुटुंबाचें आडनांव रोमन अक्षरांत किती प्रकारांनीं लिहितां येईल तें पाटीवर मांडतात तसें कागदावर मांडलें. चौथ्या प्रकाराला नोंद सांपडली. एक स्वर बदललेला, एक व्यंजन गळालेलें. परंतु वडिलांचें नांव, गांव आणि साल जुळत होतें. तें कोणतें दफ्तर हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण असा दोष एकाचाच नसतो. विद्यार्थी बराच वेळ त्या नोंदीकडे पाहत राहिले आणि एवढेंच म्हणाले, “ह्यांना आमचें नांव नीट लिहितां आलें नाहीं; पण त्यांनीं तें टाकलेंही नाहीं.” ह्या एका वाक्यांत प्रस्तुत दफ्तरांचा गुण आणि दोष दोन्ही आले आहेत. पुढील परीक्षण हा त्याचाच विस्तार होय.

प्रथम परीक्ष्य वस्तु कोणती तें सांगितलें पाहिजे. युद्धांत मृत झालेल्या वैमानिकांची माहिती आज घरबसल्या ज्या दफ्तरांतून मिळते, त्यांपैकीं चार मुख्य होत. पहिलें, १९१७ सालीं स्थापन झालेल्या आणि १९६० पासून राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोग ह्या नांवानें चालणाऱ्या संस्थेचें. त्यांत दोन्ही महायुद्धांतील सुमारें १७ लक्ष मृतांच्या नोंदी असून थडगीं हलवितांना केलेलीं पत्रकें आणि शिलालेखांचे तक्ते ह्यांच्या प्रतिमाही पुष्कळ ठिकाणीं जोडलेल्या आहेत. दुसरें, ब्रिटनच्या क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांतील, पहिल्या महायुद्धांतील हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या सेवापत्रकांचें. तिसरें, लंडनच्या हवाई दल संग्रहालयाचें. त्यांत जखमी, मृत आणि बेपत्ता अधिकाऱ्यांचीं पत्रकें आहेत. चौथें, लिंकन येथील आंतरराष्ट्रीय बाँबर कमांड केंद्राचें. त्यांत दुसऱ्या महायुद्धांत बाँबफेकी दळांत मेलेल्यांची नोंदवही आणि पत्रें, लॉगबुकें, छायाचित्रें व तोंडीं सांगितलेल्या आठवणी ह्यांचा संग्रह आहे. ह्यांखेरीज हौशी अभ्यासकांनीं श्रमानें जमविलेल्या याद्या निराळ्या.

ह्यांचा मोठा गुण असा कीं, जें दफ्तर पाहण्यास पूर्वीं विलायतेस जावें लागे, अर्ज करावे लागत आणि कारकुनाची मर्जी सांभाळावी लागे, तें आज ठाकुर्लीच्या चाळींतील मनुष्यही पाहूं शकतो. आम्हीं आमच्या तरुणपणीं एका संस्थानिकाच्या रुमालांतील एक पत्र पाहण्यासाठीं तीन उन्हाळे खेटे घातले होते. ज्यानें असे खेटे घातले आहेत, त्यास ह्या सुलभतेची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. दुसरा गुण, मूळ कागदाची प्रतिमा जेथें जोडलेली आहे तेथें नक्कल तपासून पाहतां येते. आपल्याकडील छापील साधनग्रंथांतून ही सोय फार थोड्या ठिकाणीं आहे. तिसरा गुण, चूक दाखवून दिल्यास ती सुधारण्याची व्यवस्था त्यांत आहे.

परंतु सुलभतेनेंच एक नवा धोका उत्पन्न केला आहे. कै. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला तेव्हांपासून महाराष्ट्रांतील संशोधकांस अस्सल कोणतें, नक्कल कोणती आणि बखर कोणती हें विचारण्याची संवय लागली. डिजिटल दफ्तरांत हे तिन्ही प्रकार एकाच काचेवर, एकाच टंकांत, एकाच ऐटीनें समोर येतात. क्यूच्या सेवापत्रकाची प्रतिमा हें अस्सल. तिच्यावरून कोणीं तयार केलेली नांवांची सूची ही नक्कल. त्या सूचीवरून लिहिलेलें चरित्र ही बखर. जुन्या काळीं कागद, शाई आणि वळण पाहतांच प्रत कितव्या पिढीची तें अनुभवी डोळ्यास कळत असे. येथें कागद नाहीं, शाई नाहीं, वळणही नाहीं. म्हणून पाठचिकित्सेची गरज येथें कमी न होतां वाढलीच आहे.

हें तत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट करतों, आणि उदाहरणही आपल्याच मुलुखांतील घेतों. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दळांतून जे मोजके हिंदी वैमानिक लढले, त्यांत हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरल चंदर सेन ह्यांच्याबरोबर चौथें नांव येतें तें मुंबईच्या वेलिणकरांचें. ह्यांपैकीं रॉय ह्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. १९१८ च्या जुलैंत दोन आठवड्यांच्या आंत त्यांनीं शत्रूचीं दहा विमानें पाडलीं, २२ जुलैस ते पडले, त्यांस मरणोत्तर पदक मिळालें आणि १९९८ सालीं जन्मशताब्दीनिमित्त आपल्या सरकारनें त्यांचें टपाल तिकीटही काढलें. मलिक वांचले आणि दीर्घायुषी झाले. त्यांनीं स्वतःच आपली हकीकत लिहून ठेविली. वेलिणकरांच्या वांट्यास ह्यांतलें कांहींच आलें नाहीं. ते लेफ्टनंट असून २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्यें डॉल्फिन जातीचें लढाऊ विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजीं ते गस्तीवर गेले ते परतले नाहींत. शत्रूच्या हातीं जखमी अवस्थेंत सांपडून ३० जून रोजीं त्यांचा अंत झाला. आज त्यांचें थडगें फ्रान्सच्या सोम प्रांतांत हाँगार येथील समाधिस्थानांत आहे.

एवढी हकीकत आज दोन ओळींत सांगतां येते. परंतु ती निश्चित होण्यास जवळजवळ तीन वर्षें लागलीं. जर्मनांनीं ज्या थडग्यांत त्यांस पुरलें, त्यावर नांव होतें ‘ओबरलॉयटनंट एस्. सी. वुमकर’. ब्रिटिश सैन्यांत ह्या नांवाचा कोणी अधिकारी नव्हता, आणि ‘ओबरलॉयटनंट’ हा तर जर्मन हुद्दा. म्हणून वेलिणकर बेपत्ताच राहिले आणि ‘वुमकर’ बेवारशी राहिला. १९२१ सालीं हे दोघे एकच, असा निर्णय झाला.

आतां हा ‘वुमकर’ कसा जन्मला असावा? येथें आमच्या वाचकांनीं आपली नेहमींची विद्या वापरून पाहावी. प्रमाद दोन प्रकारचे असतात. एक कानाचा, दुसरा डोळ्याचा. ‘वेलिणकर’ हा उच्चार ऐकून कोणी ‘वुमकर’ लिहील हें संभवत नाहीं; दोन्हींत आरंभीचें ‘व’ आणि अंतींचें ‘कर’ एवढेंच समान आहे. मग प्रमाद डोळ्याचा. रोमन हस्ताक्षरांत हें नांव लिहितांना डब्ल्यूच्या पुढें ई, एल्, आय्, एन् हीं चार अक्षरें येतात. घाईच्या वळणांत ई आणि आंखूड एल् मिळून यू दिसतो. आय् वरील टिंब गळालें म्हणजे आय् आणि एन् मिळून तीन उभे दंड होतात, आणि तीन उभे दंड म्हणजे एम्. ‘वेलिन्कर’ चा ‘वुम्कर’ झाला. हा आमचा तर्क आहे. परंतु ज्यानें मोडीचे कागद वाचले आहेत त्यास तो सहज पटेल. मोडींत लेखणी न उचलतां ओळ ओढीत गेल्यानें व ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळल्यानें एका नांवाची दोन माणसें आणि दोन माणसांचें एक नांव झाल्याचीं उदाहरणें आपण नित्य पाहतों.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लिपिकारानें सर्व बिघडविलें, पण शेवटचें ‘कर’ तेवढें राखलें. तें ‘कर’ एखाद्या महाराष्ट्रीयानें पाहिलें असतें तर त्यास तत्क्षणीं संशय आला असता कीं, हा मनुष्य आपल्याकडील कोणत्या तरी गांवाचा आहे. तसेंच ‘एस्. सी.’ हीं आद्याक्षरें. वेलिणकरांचें नांव इंग्रजी कागदांत ‘श्री कृष्ण चुंडा वेलिणकर’ अशा रूपानें आढळतें. ‘चुंडा’ हें ‘चंद्र’ शब्दाचें भ्रष्ट रूप असावें असें आम्हांस वाटतें, कारण ‘श्रीकृष्णचंद्र’ हें नांव आपल्याकडे अपरिचित नाहीं; आणि आरंभीचें ‘श्री’ हें नांवाचाच अवयव असून तुटून निराळें पडलें आहे. तें कसेंही असो, थडग्यावर ‘एस्.’ आणि ‘सी.’ हीं दोन अक्षरें शुद्ध उरलीं होतीं. म्हणजे त्या अपपाठांत हुद्दा परका, आडनांवाचा मध्य नष्ट, परंतु आद्याक्षरें आणि प्रत्यय जागचे जागीं. ‘वुमकर’ हें नांव चुकीचें असलें तरी निरर्थक नव्हतें. तेंच खऱ्या माणसाकडे नेणारी वाट होतें.

ह्यावरून आमचा मुख्य सिद्धांत निघतो. अपपाठ हाही साक्षी आहे. तो सुधारावा, पण पुसूं नये. कै. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनीं पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सित आवृत्ति हातीं घेतली तेव्हां त्यांनीं हेंच केलें. जो पाठ त्यांस ग्राह्य वाटला तो वर छापिला आणि इतर प्रतींतील झाडून सारे पाठ खालीं नोंदले. ग्राह्य पाठ चुकला असेल तर पुढील अभ्यासकास तो दुरुस्त करण्याची सामग्री तेथेंच मिळावी हा हेतु. डिजिटल दफ्तरांतून बहुधा ह्याच्या उलट घडतें. चूक कळविली कीं जुनें रूप काढून नवें बसवितात. पृष्ठ स्वच्छ दिसतें. पण पूर्वीं तेथें काय होतें, कोणीं बदललें, कोणत्या आधारें बदललें, ह्याचा मागमूस वाचकापुढें राहत नाहीं. उद्यां एखाद्या घरीं जुन्या पेटींत ‘वुमकर’ असें लिहिलेला कागद निघाला, तर त्या घरच्या मुलानें तो शब्द संगणकास विचारल्यावर वेलिणकरांची नोंद पुढें आली पाहिजे. ज्या दफ्तरांत ती येत नाहीं, तें शुद्ध असेल; पूर्ण नव्हे.

ही केवळ पंडिती हौस नव्हे. मृत्यूची निश्चिति न होणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयीं संशय राहिला. पार्वतीबाईंनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. आणि त्याच संशयाच्या आधारावर पुढें एक तोतया उभा राहून त्यानें पेशवाईला हैराण केलें, तें १७७६ सालीं त्यास देहांत शासन होईपर्यंत. एका प्रेताची ओळख न पटल्यानें एका राज्यास पंधरा वर्षें त्रास झाला. सामान्य घरांत तोतया येत नाहीं; तेथें नुसती वाट पाहणें येतें. १९१८ ते १९२१ ह्या काळांत वेलिणकरांच्या घरीं काय चाललें असेल, त्याची कल्पना ज्यानें त्यानें करावी. नांवांतील चार अक्षरें जाग्यावर असतीं तर तें टळलें असतें.

आतां इतर दोष सांगतों. पहिला, एकाच मुळाच्या अनेक प्रती अनेक साक्षी म्हणून मोजल्या जाणें. एका हौशी यादींत एखादी तारीख चुकली कीं दहा जण ती उतरून घेतात. मग अकरावा म्हणतो, दहा ठिकाणीं असेंच आहे. पोथ्यांचा वंशवृक्ष मांडणारास हा हेत्वाभास परिचयाचा आहे. दहा प्रती एकाच मातृकेवरून उतरल्या असतील तर त्यांची साक्ष एकीचीच. वेलिणकरांच्या बाबतींत २७ जून ही बेपत्ता होण्याची तारीख आणि ३० जून ही मृत्यूची. दोन्ही खऱ्या, परंतु संक्षेप करणारानें एकच घेतली आणि मथळा दुसरीचा दिला कीं घोटाळा झालाच.

दुसरा दोष, संस्थेचें नांव कालानुरूप न लिहिणें. वेलिणकर ‘रॉयल फ्लाइंग कोअर’ मध्यें लढतां लढतां मेले, असें पुष्कळ ठिकाणीं सरसकट लिहितात. वस्तुतः १ एप्रिल १९१८ रोजीं तें दळ आणि आरमाराचें हवाई दळ हीं एक होऊन ‘रॉयल एअर फोर्स’ झालें होतें. तेव्हां मृत्युसमयीं ते त्या नव्या दळाचे अधिकारी होते. शुल्लक वाटणारी ही गोष्ट कागद शोधतांना शुल्लक राहत नाहीं. चुकीच्या दळाचें दफ्तर उघडणारास योग्य पान मिळावयाचें नाहीं.

तिसरा दोष मराठी आडनांवांचा, आणि तो आमच्या मतें सर्वांत मोठा. आपल्या आडनांवांत पुष्कळदां गांव दडलेलें असतें. वेलिणकर, वेलणकर, वेलिंगकर हीं तीन रूपें आपल्या कानास तीन कुळें, निराळे देव आणि निराळे गांव सांगतात. गोव्यांत वेलिंग नांवाचा गांव आहेच. रोमन अक्षरांत ह्या तिहींचा भेद एकदोन अक्षरांवर येऊन ठेपतो आणि नक्कल करतांना तेवढाही उरत नाहीं. आम्हीं ह्या लेखांत ‘वेलिणकर’ हें रूप वापरलें आहे तें रोमन अक्षरांस जवळचें म्हणून. घरचा देवनागरी किंवा मोडी कागद पुढें आल्यास तोच प्रमाण मानावा लागेल. हृषीकेश मुळगांवकर हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदी हवाई दळांत दाखल झाले आणि १९७६ ते १९७८ ह्या काळांत भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांचें आडनांव रोमनमध्यें एका रीतीनें लिहितात, आणि उद्योगक्षेत्रांतील प्रसिद्ध सुमंत मुळगांवकरांचें दुसऱ्या रीतीनें. आपल्यास दोन्ही एकच. यंत्रास दोन निराळीं.

आणखी एक उदाहरण मौजेचें आहे. ब्रिटिश बाँबफेकी दळांत लँकेस्टर विमानावर मार्गदर्शकाचें, म्हणजे नॅव्हिगेटरचें, काम करणाऱ्या थोड्या हिंदी लोकांत शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे एक होते. रोमन रूपावरून तें नांव परत मराठींत आणणारा अनभिज्ञ मनुष्य ‘सुक्थंकर’ लिहितो. ज्या आडनांवाच्या पंडितानें पाठभेद कसे नोंदावे हें आपल्यास शिकविलें, त्याच आडनांवाची ही गत! दोघांचें नातें होतें असें आम्ही सुचवीत नाहीं. योगायोग तेवढा दाखवितों.

ह्यावर उपाय कठीण नाहीं. प्रत्येक हिंदी मृताच्या नोंदींत रोमन नांवाबरोबर त्याच्या मातृभाषेंतील नांव देण्यास एक रकाना ठेवावा, आणि त्याखालीं आजवर कागदांत आढळलेलीं सर्व रूपें, आधारासह, नोंदावीं. संगणकास ह्याचा भार होत नाहीं. महाभारताच्या संपादकांनीं हें काम हातानें केलें.

आतां संख्येविषयीं. बाँबर कमांडच्या मृतांचा आंकडा बरेच वर्षें ५५,५७३ असा सांगत आले. लिंकन येथील भिंतींवर कोरलेलीं नांवें ५७,००० हून अधिक आहेत. ह्यावरून कोणी पूर्वींचे मोजणारे खोटे ठरवूं नयेत. कोणास मोजावें, विमानांतच मेलेल्यांस कीं जमिनीवर त्या विमानांची सेवा करतां करतां मेलेल्यांसही, ह्या व्याख्येवर संख्या हालते. लिंकनच्या नोंदवहीनें व्याख्या विस्तारली आणि संशोधन चालू ठेविलें, हें आम्ही तिचें भूषण समजतों. त्याच केंद्राच्या संग्रहांत, ज्यांच्या घरांवर बाँब पडले त्या युरोपीय नागरिकांच्या आठवणीही ठेविल्या आहेत. आपल्या मृतांचें स्मरण करितांना ज्यांस त्यांनीं मारलें त्यांचीही साक्ष त्याच कपाटांत ठेवणें ही न्यायबुद्धि आम्हांस अनुकरणीय वाटते. विजयाची बखर लिहिणारे पुष्कळ असतात. पराभूतांचे कागद जपणारे थोडे.

तथापि ह्या दफ्तरांचा एकंदर झोंक अधिकाऱ्यांकडे आहे हें विसरतां नये. वर सांगितलेलीं क्यूचीं सेवापत्रकें आणि संग्रहालयाचीं पत्रकें दोन्ही अधिकाऱ्यांचीं. वेलिणकर अधिकारी होते म्हणून त्यांचा शोध तीन वर्षें चालला आणि अखेर लागला. सगळ्यांस हें भाग्य लाभलें नाहीं. युद्धसमाधि आयोगानेंच नेमलेल्या समितीनें २०२१ सालीं कबूल केलें कीं, पहिल्या महायुद्धांतील साम्राज्याच्या ४५,००० ते ५४,००० मृतांचें, आणि त्यांत हिंदी व आफ्रिकी लोकच फार, स्मरण इतरांच्या बरोबरीनें झालें नाहीं. आणि आणखी निदान १,१६,००० जणांचें नांवानिशीं स्मरणच झालें नाहीं. संस्थेनें स्वतःच्या दफ्तराचा दोष स्वतः छापून काढावा, ही गोष्ट आपल्याकडील संस्थांनींही ध्यानांत घेण्यासारखी आहे. परंतु जें नांव कधीं लिहिलेंच गेलें नाहीं त्याचा अपपाठही नसतो. तेथें आमची विद्या थांबते.

नेवाळीच्या माळावर हें फार जाणवतें. त्या धावपट्टीचें काम कोणत्या मजुरांनीं केलें, कोणत्या शेतकऱ्यांची भातशेती तिच्याखालीं गेली, हें विलायतेच्या कोणत्याही वैमानिक-दफ्तरांत मिळावयाचें नाहीं. तें मिळालें तर फेरफारांत, सातबाऱ्यांत आणि घरोघरच्या कागदांत मिळेल. जून २०१७ मध्यें ह्याच जमिनींसाठीं तेथील शेतकऱ्यांचें आंदोलन होऊन रस्त्यावर जाळपोळ झाली, तेव्हां पाऊणशें वर्षांपूर्वींचा कागद अद्याप जिवंत असल्याचें सर्वांनीं पाहिलें. वैमानिकाचें स्मरण करतांना त्याचें विमान ज्या जमिनीवर उतरलें तिच्या मालकाचेंही नांव एखाद्या दफ्तरांत असावें, एवढी आमची अपेक्षा आहे.

हा दोष मात्र विलायतेच्या संस्थांच्या माथीं मारतां येत नाहीं. आमचे संग्राहक पेशवाईंतील एका चिटोऱ्यासाठीं दहा गांवें पालथीं घालतात. पण शेजारच्या वाड्यांत १९४४ सालची तार, वैमानिकाचें लॉगबुक किंवा ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेलें कार्ड रद्दींत जातांना त्यांचा हात पुढें होत नाहीं. त्या आघाडीवर हिंदी हवाई दळाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनांनीं व्हेंजन्स जातीचीं बाँबफेकी विमानें नेलीं होतीं. प्रत्येक विमानांत दोन माणसें; पुढें चालक आणि मागें बंदूकवाला. त्यांच्या घरचे कागद आज तिसऱ्या पिढीच्या हातीं आहेत, आणि तिसरी पिढी घर बदलते. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील जुनीं घरें पाडून इमारती उठत आहेत. माळ्यावरची पेटी नव्या घरांत जात नाहीं. असा कागद शंभर वर्षांचा होईपर्यंत थांबूं, मग तो ऐतिहासिक होईल, असें म्हणणाऱ्या संग्राहकास शंभराव्या वर्षीं कागद मिळणार नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. सभासदांनीं आपापल्या पेठेंत, चाळींत, गांवांत विचारपूस करावी. कागद घरच्यांपाशींच राहूं द्यावा. त्याची प्रतिमा मात्र घ्यावी. नांव घरांत ज्या लिपींत लिहितात त्या लिपींत जसेंच्या तसें उतरावें, शुद्ध करूं नये. तें विलायतेच्या दफ्तरांतील नोंदीशीं ताडून पाहावें आणि भेद आढळल्यास दोन्ही रूपें आधारासह त्या संस्थेस कळवावीं. ह्या कामास संस्कृत येण्याची गरज नाहीं, मोडी येण्याचीही नाहीं. फक्त आपल्या गांवांचीं नांवें ठाऊक असावीं आणि ‘कर’ दिसतांच थबकण्याची संवय असावी.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनीं आपल्या चुलत आजोबांचें नांव देवनागरींत लिहून, सोबत १९४० सालच्या एका लग्नपत्रिकेची प्रतिमा जोडून, त्या दफ्तराकडे दुरुस्ती पाठविली आहे. पत्रिकेंत तें नांव निमंत्रकांच्या यादींत शेवटून दुसरें आहे. आम्हीं त्यांस एवढेंच सुचविलें कीं, “जुनें चुकीचें रूप काढून टाका, असें लिहूं नका, त्याच्या शेजारीं खरें रूप ठेवा, असें लिहा.” त्यांनीं तसेंच लिहिलें.